न उडालेला सुरुंग

वसईचा किल्ला ज्यांनीं पाहिला असेल त्यांना तेथील पडकीं ख्रिस्तमंदिरें आठवत असतील, आणि चिमाजीआप्पांच्या विजयाची कथा तर आपण शाळेपासून ऐकत आलों आहों. परंतु त्या कथेंतील एक प्रसंग सांगतांना बहुतेक जण घाईनें पुढें जातात. आज मी नेमका तेथेंच थोडा वेळ थांबणार आहें.

मे १७३९. वेढ्याला तीन महिने होत आले होते. तीन बाजूंनीं पाणी. वाट काय ती जमिनीकडून. त्या बाजूनें मराठ्यांनीं रेमेदी आणि सां सेबास्तियन या बुरुजांच्या रोखानें भुयारें खणून तटाखालीं सुरुंग भरले. कांहीं सुरुंग वेळेवर उडाले, तट फुटला, आणि खिंडार दिसतांच मराठे वर धांवले. त्यानंतर, तोंपर्यंत मुका राहिलेला सुरुंग उडाला. त्या वेळीं वर आपलींच माणसें होतीं. वसई थोड्याच दिवसांत पडली. पोर्तुगीज शरण आले. विजयाच्या आनंदांत हा उशीर झांकला गेला.

असा उशीर होतो कसा? भुयाराच्या टोकाशीं खोली करून तींत दारू भरावयाची, तोंड मातीनें घट्ट बुजवावयाचें, आणि बत्ती द्यावयाला दारूची एक बारीक वाट बाहेरपर्यंत आणावयाची. बत्ती दिली आणि कांहींच झालें नाहीं, तर ओलीनें विस्तव विझला असेल, वाट मध्येंच तुटली असेल, किंवा ती अजून सावकाश धुमसत असेल. बाहेरून या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. थांबावें, तर शत्रु खिंडार बुजवून घेतो. धांवावें, तर वसईंत झालें तें होतें. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे हीं नांवें आपल्या तोंडीं आहेत. भुयारांत उतरून दारू भरणारांपैकीं एकाचेंही नांव आपल्याला सांगतां येत नाहीं.

दोनशें वर्षांनीं मुंबईच्या गोदींत हाच पेंच पुन्हा आला. १४ एप्रिल १९४४ रोजीं 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. पोटांत सुमारें चौदाशें टन दारूगोळा, आणि त्याच्या सोबतीला कापसाच्या गांठी! ही सांगड कोणत्या शहाण्यानें घातली असेल, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. दुपारीं चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या अंतरानें दोन स्फोट झाले. आग विझवावयास गेलेले ६६ अग्निशामक त्यांत मेले. त्या जहाजावरील सोन्याच्या विटांची गोष्ट मुंबईकर आवडीनें सांगतात. ऑक्टोबर २०११ मध्यें त्याच गोदीच्या परिसरांत एक जिवंत तोफगोळा मिळाला, त्याचें वजन ४५ किलो होतें, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाहीं.

इतक्या वर्षांनीं त्यांत काय राहिलें असेल, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. गोळ्यांतील मुख्य दारू बहुधा शांत असते. भीति असते ती तिला पेटविणाऱ्या लहानशा फ्यूजची. गंजानें आणि काळानें तो फ्यूज किती हळवा झाला आहे हें हात लावल्यावांचून कळत नाहीं. १९४० पासून लंडनवर जर्मनांनीं टाकलेल्या कांहीं बाँबमध्यें घड्याळी फ्यूज होते. पुढें पुढें तर जरा हलवितांच उडणारेही आले. ते घरें पाडण्यासाठीं नव्हते. बाँब निकामी करावयास येणाऱ्या माणसासाठींच ते बसविलेले होते.

अशा माणसांपैकीं एकाची गोष्ट आपल्या खडकीशीं जोडलेली आहे. तेथील बाँबे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंग भगत जानेवारी १९४१ च्या अखेरीस हबसाणांत मेतेम्मापासून माघार घेणाऱ्या इटालियनांच्या पाठीवर होते. वाटेंत सुरुंग पेरलेले. सैन्याच्या अगदीं पुढच्या गाडींत बसून त्यांनीं चार दिवसांत ५५ मैलांचा रस्ता मोकळा केला. १५ ठिकाणचे सुरुंग काढविले. पहांटेपासून अंधार पडेपर्यंत काम, आणि वरून गोळीबार. दोनदां त्यांची गाडीच सुरुंगानें उडाली. स्फोटानें एका कानाचा पडदा फाटला, तेव्हां त्यांना बदली माणूस देऊं केला गेला. त्यांनीं तो नाकारला. कारण साधेंच होतें: इतके सुरुंग काढल्यावर आतां या कामाची माहिती आपल्यालाच अधिक आहे, तेव्हां शेवटपर्यंत आपणच करावें हें बरें. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्या गौरवपत्रांत गाडी उडाली तेव्हां इतर माणसें जायबंदी झालीं वा मेलीं, एवढाच उल्लेख आहे. तीं कोण, तें त्यांत लिहिलेलें नाहीं.