आशाताईंचं आजोळ

बाळंतिणीची विचारपूस करायला, लसीची तारीख सांगायला दारात येणारी आशाताई सरकारदरबारी 2005 सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातली. छत्तीसगडची मितानिन, तशीच गावातली आरोग्य कार्यकर्ती, तिच्या आधीची. पण या घराण्याचं आजोळ शोधत गेलं, तर आपण अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला पोचतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना दोघं भेटले. 1960 साली लग्न केलं, तेव्हाच उभं आयुष्य खेड्यातल्या गरिबांना वाहायचं ठरलं होतं. वडाळा गावच्या मिशन दवाखान्यात त्यांनी पाहिलं, की बरं करून घरी धाडलेला रोगी पुन्हा तेच दूषित पाणी पितो आणि तोच आजार घेऊन परततो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून ते 1970 साली जामखेडला आले.

गावोगाव शिकलेली नर्सबाई ठेवायची, ही त्यांची पहिली योजना. ती चालली नाही. परगावची एकटी बाई खेड्यात राहायला बिचकायची, आणि गावातल्या बायाही तिच्यापाशी मन मोकळं करायच्या नाहीत. तेव्हा गावकऱ्यांनीच सुचवलं, आमच्यातल्याच बाईला शिकवा. निवडलेल्या बायांत कितीतरी निरक्षर होत्या, बऱ्याच दलित होत्या, काहींना नवऱ्याने टाकलेलं. दर आठवड्याला त्या जामखेडला मुक्कामी येत, जातपात बाजूला ठेवून एका पंगतीला जेवत. जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, बाळाचं वजन कसं करायचं, नाळ कापायचं पातं उकळून का घ्यायचं, हे शिकून गावी परतत.

सेवा म्हटली की रात्रंदिवस राबणारा डॉक्टर डोळ्यांपुढे येतो. आरोळ्यांनी त्याहून अवघड गोष्ट केली. आपल्या विद्येतला गावाच्या कामाचा वाटा त्यांनी अक्षर न ओळखणाऱ्या बाईच्या हाती दिला आणि तिच्यावर विश्वास टाकला. शेजाऱ्यावर प्रेम करा, ही ख्रिस्ताची शिकवण मला इथे पुरी पाळलेली दिसते. दुष्काळात कूपनलिका घेतल्या, त्याही दलित वस्तीत. सवर्णांना तिथे पाण्याला यावं लागलं.

गावकऱ्यांनाच शिकवून तयार केलेले चीनचे ‘अनवाणी डॉक्टर’ त्याच काळातले, तेव्हा ही कल्पना एकट्या जामखेडची म्हणता येणार नाही. तरी 1978 साली अल्मा-आटाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, तेव्हा जामखेडच्या बायांचं काम जगाला ठाऊक झालेलं होतं. पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडच्या कार्यकर्तीला पगार नव्हता, पण तिच्या पोटाची काळजी होती. छोट्या धंद्यासाठी कर्ज आणि मदतीचा हात मिळायचा. आशाताई मात्र आजही कागदोपत्री स्वयंसेविकाच आहे, आणि मानधनासाठी तिला वारंवार मोर्चे काढावे लागतात. सेवाभावाचं नाव पुढे करून तिचं वेतन टाळणं हा अन्याय आहे. आशाताई मोर्चात दिसल्या, तर त्यांच्या बाजूने उभे राहा.