हळद, ससे आणि आजी

भातकापणीच्या दिवसांत आमच्या मुळशीत कुणाचं ना कुणाचं बोट विळ्यानं कापलेलं असायचंच. चौथीत असताना माझंही कापलं. आजीनं चिमूटभर हळद दाबली, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि परत कापणीला लागली.

त्यामुळे १९९७ च्या ऑगस्टमध्ये हळदीचं पेटंट रद्द झाल्याची बातमी आली, तेव्हा मी पेपर घेऊन थेट तिच्याकडे गेलो. "आजी, तुझी हळद अमेरिकेत जिंकली!" पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट अशीच सांगत होतो. नीट वाचल्यावर कळलं, की आजीला तिथं कुणी विचारलंच नव्हतं.

मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या सुमन दास आणि हरिहर कोहली यांना मार्च १९९५ मध्ये हे पेटंट मिळालं होतं. हळदीचं नव्हे, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं. (दोघंही मूळचे भारतीय, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.) सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं. प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, त्याआधी आमच्या जवळच्याच पाषाणला एनसीएलचे संचालक. आता अमेरिकेचा तेव्हाचा कायदा असा, की परदेशात एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या नुसती वापरात असून चालत नाही, छापलेलं दाखवा! मग ३२ संदर्भ जमवले गेले. जुने ग्रंथ होतेच, शिवाय इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा एक लेख. त्या संशोधकांनी ससे आणि उंदरांच्या जखमांवर हळद लावून पाहिली होती.

अशा प्रयोगांची नेहमीची रीत म्हणजे भूल देऊन प्राण्याच्या पाठीवरची ठरावीक मापाची कातडी काढायची, काहींना औषध लावायचं, काहींना नाही, आणि पारदर्शक कागदावर जखमेची कड गिरवून ती किती आक्रसली ते मोजत राहायचं. आजीकडे ही तुलना कुठली? हळद न लावताही माझं बोट भरलंच असतं की. दुसरं बोट कापून तिनं पडताळा घेतला नाही, हे माझं नशीब.

एकदा तिला हे सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"सशाला कापलं कुनी?"

"त्यांनीच. हळद लावून बघायला."

"आन् ज्यास्नी न्हाई लावली, त्यांचं?"

मी नियमांचं सांगू लागलो. १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा, प्रयोगांसाठी १९९८ चे नियम. सांगता सांगता लक्षात आलं, १९५३ चे ससे या सगळ्याच्या आधीचे. तोवर आजी सूप घेऊन आत गेली होती.