बार्शी लाईटच्या वाघिणी

मालगाडीच्या डब्याला मराठीने 'वाघीण' म्हटले. इंग्रजी 'वॅगन' हा शब्द खलाशी-हमालांच्या तोंडी पडला आणि मूळचा निर्जीव डबा प्राणी झाला. इंजिन मात्र इंजिनच राहिले. भाषेने जिला एवढे जवळ केले, त्या वाघिणीला आपल्या रेल्वे-इतिहासाने कुठे ठेवले आहे, हा प्रश्न या टिपणात आम्ही विचारू इच्छितो. बालाघाटाच्या परिसरात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. कारण या डोंगररांगेच्या पायथ्याशी धावलेल्या एका छोट्या रेल्वेचे खरे कर्तृत्व इंजिनात नव्हते, वाघिणीत होते.

ती म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता या रेल्वेचा जनक. बालाघाटावरून उतरणारा माल बैलगाड्यांनी बार्शीच्या पेठेत येई आणि तेथून पुन्हा बैलगाड्यांनीच मुख्य लोहमार्गावरील बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडी स्थानकाकडे जाई. हे पाहून त्याने अडीच फूट रुंदीच्या मार्गाची योजना मांडली. १८९५ साली कंपनी स्थापन झाली, १८९७ साली गाडी सुरू झाली. १९११ मध्ये ती निजामाच्या मुलखातून लातूरला पोहोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. त्याच वर्षी कॅलथ्रॉपचे निधन झाले. तोवर एकूण मार्ग सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात गेला होता.

कॅलथ्रॉपचा विचार वरवर पाहता साधा होता. कोणत्याही वाहनाच्या एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, मग ते इंजिन असो, प्रवासी डबा असो वा वाघीण. भार असा सारखा वाटला गेला की यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके रूळही पुरतात; रूळ हलके म्हणजे खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणजे गरीब मुलखातही रेल्वे परवडते. त्यासाठी त्याने दाबून घडवलेल्या पोलादाचे हलके सांगाडे आणि चारचाकी बोग्या वापरल्या. इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, तिचाही अभियंता कॅलथ्रॉपच होता. तिच्या आखणीत बार्शीचा अनुभव उतरला. तंत्रज्ञान नेहमी पश्चिमेकडूनच इकडे येते, या आपल्या गृहीताला येथे छेद जातो.

आता जतनाकडे वळू. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १८६५ पासून खाणीतला पाटीचा दगड वाहत होती. १९५० साली तिचे मालक वारले आणि ती बंद पडण्याच्या बेतात आली, तेव्हा एल. टी. सी. रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने बर्मिंगहॅममध्ये सभा भरली. १९५१ पासून स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. प्रवासी रेल्वे स्वयंसेवकांनी वाचवल्याचे जगातले हे पहिले उदाहरण. मुलांसाठी इंजिनांच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री तेथे गार्ड म्हणून राबले. साहित्याच्या अभ्यासकांनी ही नोंद घ्यावी: तेथे लेखक रेल्वेवर केवळ लिहून थांबले नाहीत.

अशा ठिकाणी जुनी वाघीण दुरुस्त करणे म्हणजे रंगरंगोटी नव्हे. रंगाचे थर एकेक करून खरवडले, की खाली जुन्या कंपनीची अक्षरे, वाघिणीचा क्रमांक, भाराचा आकडा उमटतो. पाठभेद तपासणाऱ्या संपादकाला हे काम ओळखीचे वाटेल. कुजलेली फळी काढताना तिचे माप घ्यायचे, जुना सांधा सुताराने कसा बसवला होता हे पाहायचे, रिव्हेट तापवून ठोकायचे, कमानीचे पाटे सुटे करून पुन्हा बांधायचे. मूळ किती ठेवायचे आणि नवे किती घालायचे, हा निर्णय प्रत्येक फळीपाशी घ्यावा लागतो. वाघीण टिकते ती या हातांमुळे; आणि वाघीण दुरुस्त होत राहिली, तरच हे हातही तयार होत राहतात.

आपल्याकडे १ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाईट सरकारने ताब्यात घेतली. २००८ साली कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद झाला. रुंद मार्गाची गरज होतीच. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण अरुंद मार्ग जातो तेव्हा एखादे इंजिन चौथऱ्यावर चढते आणि वाघिणी वजनावर भंगारात जातात. इंजिन दिसायला रुबाबदार, म्हणून ते स्मारक होते. बार्शी लाईटच्या बाबतीत मात्र यामुळे इतिहासाचा मुद्दाच हरवतो. पाच टनांचा नियम एकट्या इंजिनाकडे पाहून समजणार नाही. शेजारी वाघीण हवी, आणि तिच्याखाली तो हलका रूळही हवा.

बीड जिल्ह्याला हे सारे परके वाटेल काय? जिल्ह्याच्या पूर्वेला परळीपर्यंत निजामी अमदानीतच रेल्वे आली. खुद्द बीड शहराला मात्र १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. अहमदनगर-बीड-परळी मार्गाची मंजुरी १९९५ सालची. ज्यांनी गाडीची तीस वर्षे वाट पाहिली, त्यांना जुनी गाडी जपा म्हणून सांगणे उद्धटपणाचे ठरेल. तरीही आम्हांला वाटते, की गरीब मुलखाला रेल्वे कशी परवडेल हा कॅलथ्रॉपचा प्रश्न बीडकरांइतका क्वचितच कोणी अनुभवला असेल.

कुर्डुवाडीचा कारखाना बार्शी लाईटसाठीच उभा राहिला. त्या मार्गावर राबलेले फिटर, सुतार, लोहार आता वृद्ध झाले आहेत. आमच्यासारख्या भाषेच्या शिक्षकांना रिव्हेट ठोकता येत नाही. पण त्यांच्या अवजारांची नावे, कामाच्या रीती, वाघिणीच्या एकेका भागाला त्यांनी दिलेले शब्द आमचे विद्यार्थी उतरवून घेऊ शकतात. उद्या कोणी एखादी वाघीण पुन्हा उभी करायला घेतलीच, तर त्याला फळ्यांच्या मापांइतकीच या शब्दांचीही गरज पडेल.