बूथ, इव्हँजेलिन कोरी

(२५ डिसेंबर १८६५ – १७ जुलै १९५०). साल्व्हेशन आर्मी, म्हणजे मराठीत जिला मुक्तिफौज म्हणतात, त्या ख्रिस्ती संघटनेच्या धर्मोपदेशिका, गीतकार आणि पहिल्या स्त्री जनरल. जन्म लंडनमध्ये, विल्यम व कॅथरिन बूथ यांच्या आठ अपत्यांपैकी सातवे. त्याच वर्षी आईवडिलांनी लंडनच्या पूर्व भागातील दरिद्री वस्तीत आपले मिशन सुरू केले होते. १८७८ मध्ये त्याला ‘आर्मी’ हे नाव मिळाले. घरात इव्हा म्हणून ओळखली जाणारी ही मुलगी आणि ही संघटना अशा एकाच वयाच्या.

स्त्रीने प्रवचन करावे की नाही, हा प्रश्न या घरात आधीच सुटलेला होता. आई कॅथरिन यांनी १८५९ मध्येच स्त्रियांच्या उपदेशाच्या हक्काची बाजू मांडणारी पुस्तिका लिहिली होती आणि त्या स्वतः नामांकित वक्त्या होत्या. इव्हा पंधराव्या वर्षी गणवेश घालून गल्लीबोळांत संघटनेचे ‘वॉर क्राय’ हे पत्र विकू लागल्या.

मुक्तिफौजेत संगीत हे प्रवचनाआधीचे मनोरंजन नव्हते. लोकांपर्यंत पोचण्याची ती पहिली वाट होती. पितळी वाद्यांचा बँड चौकात उभा करायचा, दारूच्या गुत्त्यांत गायल्या जाणाऱ्या चालींवर भक्तिगीते बसवायची आणि लोक जमले की बोलायचे. म्हणूनच विरोधकांचा रोखही बहुधा वाद्यांवर असे. टॉर्की या इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावी १८८६ च्या एका स्थानिक कायद्याने रविवारी वाद्यांसह मिरवणूक काढायला बंदी आली आणि ती मोडणारे कार्यकर्ते तुरुंगात गेले. तिथला लढा चालवायला वडिलांनी इव्हा यांनाच धाडले. १८८८ मध्ये ती तरतूद रद्द झाली. मुंबईतही तेच घडले होते. १८८२ च्या सप्टेंबरमध्ये फ्रेडरिक टकर तीन सहकाऱ्यांसह तिथे उतरले आणि वाजतगाजत मिरवणुका काढल्याबद्दल त्यांना अटक झाली. हेच टकर पुढे इव्हा यांची बहीण एमा हिचे पती झाले.

इव्हा यांचे आवडते वाद्य कॉन्सर्टिना. दोन्ही हातांत धरून भाता दाबत-ओढत वाजवायची ही चिमुकली पेटी. आपल्या बाजाच्या पेटीसारखेच हिच्यातही हवेने सूर बोलतात. त्या हार्पही वाजवत, गीते रचत आणि चाली बांधत. त्यांच्या रचनांचा ‘साँग्ज ऑफ द इव्हँजेल’ हा संग्रह प्रसिद्ध आहे. फाटके कपडे घालून, गाणी आणि निवेदन यांतून लंडनच्या झोपडवस्तीतले अनुभव सांगणारा त्यांचा एक कार्यक्रम फार गाजला. तो आजच्या एकपात्री प्रयोगाच्या जवळचा म्हणता येईल.

कुटुंबावर त्यांची माया होती, आणि त्यांच्या आयुष्यातली अवघड वळणेही कुटुंबानेच आणली. १८९६ मध्ये अमेरिकेतील शाखेचे प्रमुख असलेले भाऊ बॅलिंग्टन वडिलांशी मतभेद होऊन बाहेर पडले. फूट थांबवायला इव्हा न्यूयॉर्कला गेल्या. सभागृहाचे दार बंद होते, त्या मागच्या खिडकीतून आत शिरल्या, हुर्यो उडवणाऱ्या जमावापुढे अमेरिकेचा ध्वज अंगाभोवती लपेटून उभ्या राहिल्या आणि कॉन्सर्टिना वाजवत गाऊ लागल्या, अशी आठवण संघटनेत सांगितली जाते. भाऊ परतले नाहीत. त्याच वर्षी इव्हा यांच्याकडे कॅनडाचे काम आले. १८९८ मध्ये सोन्याच्या शोधात क्लोंडाइककडे लोटलेल्या लोकांसाठी त्यांनी तिकडे पथक नेले. १९०२ मध्ये आणखी दोन भावंडांनी संघटना सोडली. अमेरिकेतील शाखा आता एमा आणि त्यांचे पती टकर सांभाळत होते. १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे रेल्वे अपघातात एमा गेल्या. पत्नीच्या मृत्यूनंतर टकर यांनी अमेरिकेतील जबाबदारी सोडली आणि १९०४ मध्ये तिथे इव्हा आल्या. बहिणीची रिकामी जागा त्यांनी तीस वर्षे सांभाळली.

अमेरिकेत त्या इव्हँजेलिन या नावाने ओळखल्या गेल्या आणि १९२३ मध्ये त्यांनी तिथले नागरिकत्व घेतले. पहिल्या महायुद्धात पंचवीस हजार डॉलर कर्जाऊ उभे करून त्यांनी फ्रान्समधील आघाडीवर कार्यकर्त्या पाठवल्या. खंदकांजवळच्या झोपड्यांत या मुली सैनिकांना डोनट तळून देत, त्यांचे कपडे शिवत आणि त्यांच्याबरोबर गात. या कार्यासाठी १९१९ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ दिले.

जनरलने आपला वारस स्वतः नेमण्याची पद्धत मोडावी आणि प्रमुख निवडून यावा, हा त्यांचा आग्रह होता. तो खुद्द तेव्हाचे जनरल असलेले थोरले भाऊ ब्रॅमवेल यांच्या अधिकारावरच आघात करणारा होता. १९२९ मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मंडळाने आजारी ब्रॅमवेल यांना पदावरून दूर केले. काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले. इव्हँजेलिन यांची भूमिका तत्त्वाने बरोबर होती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. बहीण म्हणून या भूमिकेची किंमत त्यांनी मोजली. १९३४ मध्ये त्या स्वतः निवडणुकीने चौथ्या जनरल झाल्या आणि १९३९ पर्यंत त्या पदावर राहिल्या.

त्या अविवाहित होत्या, पण घर मुलांनी भरलेले होते: अनेक निराधार मुले त्यांनी स्वतःजवळ ठेवून वाढवली. घोडेस्वारी आणि पोहणे यांची आवड उतारवयातही टिकली. न्यूयॉर्क राज्यातील हार्ट्सडेल येथील घरी त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे मुक्तिफौजेचे इव्हँजेलिन बूथ रुग्णालय आहे. नगरकर त्याला नुसते ‘बूथ हॉस्पिटल’ म्हणतात. बूथ म्हटले की संस्थापक विल्यम आठवावेत हे साहजिक आहे, पण इथे पाटीवरचे नाव त्यांच्या मुलीचे आहे.