ग्रह : धरणारा की धरलेला?

‘ग्रह’ हा शब्द आपण आभाळाकडे इतका पुरता सोपवून दिला आहे की त्याच्या पोटातले क्रियापद आता दिसेनासे झाले आहे. मूळ धातू ग्रह्, म्हणजे धरणे, पकडणे. ऋग्वेदातले त्याचे जुने रूप ग्रभ्. सोमयागात सोमरस ज्या पात्रात धरत त्यालाही ग्रहच म्हणत. सुश्रुतसंहितेत तान्ह्या मुलांना धरणारे बालग्रह येतात, आणि त्यांची संख्याही नऊच. मग आकाशातल्या या फिरत्या ठिणग्यांनी असे काय धरले होते, की त्यांना हे नाव मिळावे?

शेजारच्या भाषांना या ठिणग्यांची पकड नव्हे, भटकंती दिसली. ग्रीक ‘प्लानेतेस’ म्हणजे भटक्या. अरबी ‘सय्यारा’ही चालणारा, फिरणारा, आपली ‘सैर’ त्याच धातूची, आणि आजच्या अरबीत सय्यारा म्हणजे मोटारगाडी! ‘सैरावैरा’लाही या कुळात बसवण्याचा मोह होतो, पण तो ‘स्वैर’पासून आलेला दिसतो. संस्कृतला भटकंती दिसलीच नाही असे नाही. ‘खेचर’ आहे, आणि ‘शनैश्चर’ तर हळू चालणाराच. सूर्याभोवतीच्या एका फेरीला शनीला साडेएकोणतीस वर्षे लागतात, तेव्हा नाव अचूक म्हणावे लागेल. फारसीत शनीला ‘कैवान’ म्हणतात. त्याचे मूळ बाबिलोनी असून अर्थ ‘स्थिर, अढळ’ असा आहे. दोन दूरच्या निरीक्षकांपैकी एकाने त्याच मंदपणात चाल पाहिली, दुसऱ्याने ठाम उभे राहणे.

धरण्याचा उलगडा ग्रहणात असावा. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडातल्या एका शांतिसूक्तात चंद्राशी निगडित ग्रह आणि राहू जवळजवळ येतात. तिथे ग्रह म्हणजे चंद्रसूर्यांना ग्रासणारा, असा अर्थ दिसतो. राहूचे हे बिरुद पुढे बुध-शुक्रादी मंडळींनाही लागले असावे. ती सूर्यचंद्रांना धरत नसली, तरी माणसांना धरतात अशी समजूत होतीच. साडेसाती ‘लागते’ आणि ‘सुटते’, ग्रहणही ‘लागते’ आणि ‘सुटते’. दोन्हीकडची क्रियापदे पकडीचीच आहेत.

याच धातूची फारसी भावंडे मराठीत उजळ माथ्याने वावरतात. ‘गिरिफ्तन’ म्हणजे पकडणे, त्यावरून ‘गिरफ्तार’. त्याचेच ‘गीर’ हे रूप ‘जहागीर’ या शब्दात बसले आहे : जागा धरून असणे. आणि मराठ्यांची ‘मुलूखगिरी’ तर मुलूख धरण्याचीच मोहीम. संस्कृतच्या बाजूने ‘ग्राहक’ बाजारात उतरला आणि ‘गिऱ्हाईक’ झाला. साधे ‘घेणे’देखील प्राकृतातून याच घरातले. नवग्रह, जहागीरदार आणि दुकानातले गिऱ्हाईक एका धातूची लेकरे आहेत, हे कळल्यावर कोश मिटवत नाही.

आता ‘उपग्रह’. अमरकोशात प्रग्रह आणि उपग्रह हे शब्द ‘बंदिवान’ या अर्थी येतात. व्याकरणात परस्मैपद-आत्मनेपद या भेदाला उपग्रह म्हणत. भर्तृहरीच्या वाक्यपदीयात त्यावर स्वतंत्र समुद्देशच आहे. ज्योतिषात गुलिक, धूम असे न दिसणारे, केवळ गणिताने काढायचे उपग्रह आहेत. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूभोवतीचे चार चंद्र पाहिले आणि त्यांना मेदिची घराण्याचे तारे म्हटले. केप्लरने १६११ मध्ये त्यांच्यासाठी लॅटिन ‘सातेलेस’ वापरला, म्हणजे सेवक, अंगरक्षक. सॅटेलाइट तिथून आला. मराठीने त्यासाठी ‘उपग्रह’ घेतला तेव्हा मनात उपनदीतला ‘उप’, म्हणजे दुय्यमपणा, असावा. बंदिवान कुणाला आठवला असेल असे वाटत नाही.

पण आकाशाला आठवला. १८४६ मध्ये विल्यम लॅसेलने शोधलेला नेपच्यूनचा ट्रायटन ग्रहाच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो. एवढा मोठा चंद्र तिथेच जन्मला असता तर असा फिरला नसता. दूरच्या कायपर पट्ट्यातून येताना तो नेपच्यूनच्या तावडीत सापडला असावा, असे खगोलशास्त्रज्ञ मानतात. अमरकोशाच्या अर्थानेही तो अस्सल उपग्रह! मंगळयान मात्र स्वखुशीने बंदिवान झाले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी त्याचे मुख्य इंजिन सुमारे २४ मिनिटे उलट्या दिशेने चालवून वेग उतरवला, तेव्हा मंगळाला ते धरता आले; नाही तर ते पुढे निघून गेले असते. धरणारे हे बळ म्हणजे गुरुत्व, आणि ‘गुरु’ व लॅटिन ‘ग्राविस’ (जड) ही चुलत भावंडे असल्याने गुरुत्व आणि ग्रॅव्हिटी मुळात एकच.

प्राग येथे २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत ग्रहाची व्याख्या ठरली. सूर्याभोवती फिरणे आणि गोलाकार असणे एवढ्याने भागेना. आपल्या कक्षेचा परिसर स्वतःच्या प्रभावाने मोकळा केलेला हवा, ही अट आली. प्लूटो तिथे अडला आणि ‘बटुग्रह’ झाला. म्हणजे ग्रहपद अखेर भटकण्यावर नव्हे, पकडीवर ठरले. ग्रीकांचा शब्द घेऊन बसलेल्या सभेने व्याख्या केली ती संस्कृत शब्दाची.

तरी एक कोडे उरतेच. प्लूटो आणि त्याचा चंद्र कॅरन ज्या बिंदूभोवती फिरतात तो प्लूटोच्या बाहेर, दोघांच्या मधल्या अवकाशात आहे. ६.४ दिवसांच्या फेरीत दोघेही एकमेकांकडे सदैव एकच बाजू ठेवतात. इथे ग्रह कोण आणि उपग्रह कोण? दोघेही धरणारे, दोघेही धरलेले. अशा जोडीसाठी नवा शब्द घडवायची गरज दिसत नाही. तो याच धातूपासून पूर्वीच घडलेला आहे : पाणिग्रह.