मैदान तेच, डोंबिवली वेगळी

डोंबिवली पूर्वेला स्टेशनाबाहेर पडलात की ‘घरडा, घरडा!’ अशी हाळी ऐकू येईल. त्या शेअर रिक्षात बसा. सर्कलला उतरलात की ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल लागेल. आत मोठं मैदान, तरणतलाव आणि बंदिस्त क्रीडागृह. आसपास सावित्रीबाई फुले नाट्यगृह, पेंढरकर कॉलेज, एमआयडीसीची निवासी वस्ती, आणि जवळच आजदे गाव. संध्याकाळची वेळ आहे. चालणारे कडेकडेने फेऱ्या घालताहेत, मधल्या भागात क्रिकेटचे तीन-चार डाव एकमेकांत घुसलेत आणि एका कोपऱ्यात पोरं फुटबॉलमागे धावताहेत.

मैदानाच्या मधोमध उभे राहा. इथून हलू नका. बदलायचं आहे ते साल.

१ मे १८५४

पायातले बूट काढा, इथे ते कोणाच्याच पायात नाहीत. भिंत नाही, सर्कल नाही. तुम्ही एका भातखाचरात उभे आहात. जमीन उन्हाने तडकली आहे आणि गेल्या हंगामाच्या भाताची खुंटं तळव्याला टोचताहेत. पलीकडच्या तुकड्यात राब भाजून झालाय. पालापाचोळ्याची काळी राख अजून कोमट आहे आणि तिचा वास वाऱ्यावर येतो. बांधावर बसलेला म्हातारा तुमच्याकडे बघून विचारतो, “कुठशी आलास रं बाला?”

उत्तर द्यायच्या आत पश्चिमेकडून शिट्टी ऐकू येते. गेल्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ला, बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली. आज ती पुढे कल्याणपर्यंत धावणार आहे. मुंब्र्याचा डोंगर पोखरून, खाडीच्या कडेने, या शेतांना वळसा घालून ती जाईल. इथे ती थांबणार नाही, कारण थांबावं असं इथे काही आहे, हे अजून कोणाला वाटलेलं नाही. भात, खाडीकाठची मिठागरं, गवत आणि मासळी यांवर जगणारी आगरी-कोळ्यांची गावं आहेत ही. बाहेरच्या माणसाच्या लेखी हा फक्त ठाणे आणि कल्याण यांच्या मधला भाग आहे.

पण खाचरात नीट बघा. चार-पाच पोरं विटीदांडू खेळताहेत. भात कापून झालं की पुढचा पाऊस पडेपर्यंत खाचर रिकामं, आणि रिकामं खाचर पोरांचं. मृगाचा पाऊस पडला की खेळ संपला, नांगर सुरू. या जागेवरचं पहिलं मैदान हे असं हंगामी होतं. ते कोणी राखून ठेवलेलं नव्हतं, तरी दरवर्षी न चुकता मिळायचं.

१९४२

अठ्ठ्याऐंशी वर्षं पुढे या. गाडी आता थांबते आणि विजेवर चालते. शेजारच्या ठाकुर्लीत रेल्वेचं चोळा पॉवर हाऊस आहे. खाचरं मात्र तशीच आहेत. फरक पूर्वेला पडलाय. काही मैलांवर नेवाळीजवळ ब्रिटिश सरकारने युद्धासाठी शेतजमिनी ताब्यात घेऊन विमानांची धावपट्टी बांधली आहे. कल्याणजवळ लष्कराची छावणी वसली आहे. फाळणीनंतर छावणीच्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित येतील आणि तिचं उल्हासनगर होईल.

नेवाळीचं नाव लक्षात ठेवा. जून २०१७मध्ये त्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरतील आणि आंदोलन पेटेल. पंचाहत्तर वर्षांनीही त्या गावांना कोणता बांध कोणाचा हे ठाऊक असेल. बाहेरून येणाऱ्याला जी ‘मोकळी जागा’ दिसते, ती इथे कधीच कोणाची नसलेली नव्हती.

३० जून १९८६, सोमवार

डोळे चोळा, झोप झालेली नाही. काल रात्री साडेअकराला मेक्सिकोतला विश्वचषकाचा अंतिम सामना दूरदर्शनवर सुरू झाला आणि संपेपर्यंत एक वाजून गेला. शेजारच्यांच्या दिवाणखान्यात सतरंजीवर दाटीवाटीने बसून तुम्ही तो पाहिलात. पश्चिम जर्मनीने दोन गोल फेडून बरोबरी केली तेव्हा सगळे गप्प झाले, मग मॅराडोनाने पास दिला, बुरुचागाने गोल केला आणि अर्जेंटिना ३-२ने जिंकली. आता पहाटेचा पाऊस पडतोय आणि पोरं मैदानात आलीसुद्धा.

मैदान म्हणजे एमआयडीसीतला एक रिकामा भूखंड. चपलांचे गोलपोस्ट, अनवाणी पाय, चिखलाने जड झालेला रबरी चेंडू. प्रत्येकाला मॅराडोना व्हायचं आहे, त्यामुळे गोलकीपर व्हायला कोणी तयार नाही. या भागात क्रिकेट उन्हाळ्याचं आणि फुटबॉल पावसाळ्याचं. चेंडू टप्पा घेत नाही, पाय घसरतो, पडलं तरी लागत नाही. एक बाई छत्री घेऊन कोपऱ्यावर येते. “अरे, शाळा आहे ना? आधी घरी चल!” तिकडे बाबा डबा घेऊन स्टेशनाकडे निघालेत. रात्री कितीही उशीर झाला तरी नेहमीची लोकल चुकवायची नसते.

जरा आजूबाजूला बघा, कारण मधल्या काळात इथे खूप काही घडलं आहे. गिरगाव, दादर, परळच्या एका खोलीत न मावणारी कुटुंबं स्वस्तातल्या ब्लॉकसाठी डोंबिवलीत आली. कारकून, शिक्षक, बँकेतले, टपालातले. त्यांनी ग्रंथालयं चालवली, शाळा काढल्या, गणपतीच्या देवळाभोवती आणि फडके रोडवर आपलं गाव वसवलं. पु. भा. भावे इथे राहिले, शं. ना. नवरे इथे राहिले. मुंबईत ‘डोंबिवलीकर’ म्हटलं की सुशिक्षित, काटकसरी, गाडीच्या वेळेवर जगणारा माणूस डोळ्यांसमोर येऊ लागला.

त्याच सुमारास, १९६४पासून, पूर्वेच्या गावांच्या जमिनींवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायनं, कापडावरची प्रक्रिया, इंजिनीअरिंग. घरडा सर्कलचं नावसुद्धा रसायनांच्या कंपनीवरून पडलं. म्हणजे १९८६मध्ये तुम्ही ज्या चिखलात उभे आहात, तिथे तीन डोंबिवल्या एकमेकींना टेकल्या आहेत: स्टेशनाकडची पांढरपेशी, कारखान्यांची आणि मुळच्या गावांची. स्टेशनाकडचे लोक या भागाला ‘तिकडे, एमआयडीसीत’ म्हणतात आणि रात्री वारा फिरला की खिडक्या लावून घेतात. गावातले लोक ‘आपल्या शेतावर’ म्हणतात. तिघांची पोरं मात्र एकाच चेंडूमागे आहेत, आणि चिखल लागल्यावर कोण कुठला ते ओळखू येत नाही.

३ फेब्रुवारी २०१७

आता तुम्ही मैदानात नाही, मंडपात आहात. पायाखाली गालिचा, डोक्यावर कापड, समोर खुर्च्यांच्या रांगा. पलीकडे पुस्तकांचे गाळे. ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलंय. अध्यक्ष डॉ. अक्षयकुमार काळे. या जागेला तीन दिवसांपुरतं नाव मिळालंय, पु. भा. भावे साहित्यनगरी.

यजमान आहे आगरी यूथ फोरम. इथे थोडं थांबा. ‘सांस्कृतिक डोंबिवली’ ही ओळख आजवर बाहेरून येऊन वसलेल्या मध्यमवर्गाच्या खात्यावर जमा होती. गावं त्या चित्रात असलीच तर कडेला. आज ज्यांच्या वाडवडिलांनी या परिसरात भात लावलं, त्यांनी साऱ्या मराठी साहित्याला आपल्या अंगणात बोलावलं आहे, आणि तेही आगरी समाजात वारकरी विचार रुजवणाऱ्या कीर्तनकाराचं नाव असलेल्या संकुलात. शहराकडे बघायची नजर एखाद्या भाषणाने बदलत नाही. निमंत्रणपत्रिकेवर यजमान म्हणून कोणाचं नाव आहे, त्याने ती बदलते.

मंडपाच्या मागे जा. फुटबॉलची बॅग खांद्याला लावलेली चार मुलं कुंपणापाशी उभी आहेत. त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही. आज खेळ नाही एवढं त्यांना दिसतंय. संमेलन व्हायलाच हवं होतं. पण मंडप उतरल्यावर जमिनीत खांबांचे खड्डे राहतात, खडी राहते, खिळे राहतात. संमेलन तीन दिवसांचं, मुलांची सुट्टी मात्र बरीच लांबते. हे फक्त या एका कार्यक्रमाचं नाही. महोत्सव, प्रदर्शनं, सभा, सगळ्यांना शहरात एवढी मोठी दुसरी जागा मिळत नाही. मतमोजणीसुद्धा याच संकुलात होते.

२५ ऑक्टोबर २०१७

त्याच मुलांबरोबर गाडीत चढा. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याला ट्रान्सहार्बर पकडून नेरूळ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी आहे, स्पेन विरुद्ध माली. स्पेन ३-१ने जिंकतं. महिनाभरापूर्वी, १५ सप्टेंबरला, सरकारच्या ‘मिशन वन मिलियन’मध्ये राज्यभर शाळांनी फुटबॉल खेळला होता. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच लोकलच्या टप्प्यात, आपल्याच वयाची मुलं विश्वचषक खेळताहेत हे बघून परतताना डब्यात जो गोंगाट होतो, तो ऐका. पाच वर्षांनी याच स्टेडियमवर मुलींच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होईल.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ही मुलं सरावाला कुठे जाणार? परत इथेच.

पावसाळा २०२०

पावसाळा आहे, म्हणजे फुटबॉलचा हंगाम. पण मैदानात चिटपाखरू नाही. क्रीडागृहात महापालिकेचं कोविड केंद्र आहे. जिथे शटलकॉक उडायचे तिथे खाटा. दारात पीपीई किटमधला माणूस उभा आहे, आणि रुग्णवाहिका वळवायला जागा आहे ती पुढे मैदान मोकळं असल्यामुळे. बारा लाखांहून अधिक वस्तीच्या कल्याण-डोंबिवलीला ऐनवेळी एवढं मोठं छप्पर दुसरीकडे कुठे मिळालं असतं? मोकळी जागा राखणं ही चैन नव्हती, हे त्या वर्षी सगळ्यांना कळलं.

तसा इशारा आधीही मिळाला होता. मे २०१६मध्ये एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. मे २०२४मध्ये पुन्हा स्फोट होईल. दोन्ही वेळा माणसं जातील आणि दोन्ही वेळा कारखाने इथून हलवायची चर्चा उठेल. कारखान्यांना खेटून घरं झाली आहेत. अशा वस्तीत माणसांनी पळून उभं राहावं अशी जागा म्हणजेही मैदानच.

आज

आता बूट घाला आणि गेटबाहेर पडा. कल्याण-शीळ रस्त्याकडे चला. जिथे प्रीमियरचा मोटारींचा कारखाना होता त्या पट्ट्यात टॉवर उठले आहेत. आणखी पुढे पलावा, आपली शाळा, आपली बाग, आपली मैदानं गेटच्या आत घेऊन बसलेलं. पूर्वी डोंबिवलीत घर बघताना पहिला प्रश्न असायचा, स्टेशनपासून चालत किती मिनिटं? आता लोक विचारतात, कॉम्प्लेक्समध्ये काय काय आहे? कल्याण-तळोजा मेट्रोचं काम २०२४मध्ये सुरू झालं. पिसवली, गोळवली, डोंबिवली एमआयडीसी, सागाव, सोनारपाडा, मानपाडा ही तिची या भागातली स्टेशनं. दीडशे वर्षं ज्या गावांना रेल्वे वळसा घालून गेली, त्यांच्याच नावाची स्टेशनं होणार आहेत. उद्या या भागाला ‘तिकडे, एमआयडीसीत’ कोणी म्हणणार नाही. जमिनीचा भाव वाढेल आणि प्रत्येक मोकळ्या तुकड्यावर नजर बसेल.

फुटबॉलचंही रूप बदललंय. जाळी लावलेले हिरवे टर्फ गल्लोगल्ली आहेत. दिव्यांच्या उजेडात रात्री अकरालाही खेळता येतं, पावसात चिखल होत नाही, गुडघा फुटत नाही. ऑफिसातून परतलेल्या पोरापोरींना तिथे खेळायला मिळतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण टर्फचं भाडं तासावर असतं आणि ते वर्गणी काढून भरावं लागतं. ज्याच्याकडे वर्गणी नाही तो जाळीबाहेरून बघतो. १९८६च्या चिखलात गोलकीपर व्हायला माणूस कमी पडायचा, म्हणून येईल त्याला घेतलं जायचं. टर्फवर संघ आधीच ठरलेला असतो.

मोठ्या शहरांत हे आधी घडून गेलंय. लंडनचा आर्सेनल क्लब २००६मध्ये हायबरीचं मैदान सोडून गेला आणि तिथे सदनिका झाल्या. जिथे सामने व्हायचे तिथे आता रहिवाशांची बाग आहे. पण त्या क्लबला जवळच साठ हजारांचं नवं स्टेडियम होतं. आपल्याकडे एक मैदान गेलं तर बदली मैदान मिळत नाही.

म्हणून या मैदानाचं वेळापत्रक खेळापासून सुरू व्हायला हवं. वर्षातले किती दिवस कार्यक्रमांना द्यायचे ते आधी ठरवून गेटवर लावावं. ज्याने मंडप घातला त्याने खड्डे बुजवून, खिळे वेचून मगच अनामत परत घ्यावी. पावसाळ्याचे महिने फुटबॉलला राखून ठेवावेत आणि पाण्याचा निचरा नीट करावा. मुलींसाठी सरावाची वेळ आणि स्वच्छतागृह असावं. यातलं काहीही महाग नाही, यासाठी नवी इमारत लागत नाही.

डोंबिवलीला लोकांनी खूप नावं दिली: चाकरमान्यांचं गाव, सांस्कृतिक नगरी, रसायनांचं शहर, आणि आता टॉवरांचं. प्रत्येक नाव कोणाला तरी बाहेर ठेवतं. पैसे, पत्ता किंवा आडनाव न विचारता सगळ्यांना आत घेणारी एवढी मोठी जागा पूर्वेला हीच आहे. १८५४च्या पोरांना कापलेलं खाचर मागावं लागलं नव्हतं. आजच्या पोरांसाठी मैदान आपल्यालाच मागावं लागेल, पुढच्या सभेचा मंडप उभा राहायच्या आत.