फुटलेल्या जोडीवर नाहक आळ

सर्किट बोर्डाचा लेआउट करणाऱ्यांत एक नियम ब्रह्मवाक्यासारखा चालतो. डिफरन्शियल पेअरचे दोन ट्रॅक कनेक्टरच्या पिनेपर्यंत एकमेकांना चिकटूनच गेले पाहिजेत; जोडी फुटली की सिग्नल बिघडला. आमच्या सोलापुरातही अभियांत्रिकीची मुले तो पाठ म्हणून दाखवतात. हा नियम मला मान्य नाही.

आधी पूर्वपक्ष पूर्ण बळानिशी मांडू. दोन तारांत समान पण विरुद्ध प्रवाह वाहतात. एकीतून गेलेला दुसरीतून परततो. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. म्हणून तारा जितक्या जवळ तितके उत्तम. पीळ दिलेल्या केबलबाबत यातले अक्षर न् अक्षर खरे आहे.

बोर्डावर मात्र तिसरा भागीदार असतो. चार थरांच्या बोर्डात ट्रॅकखाली साधारण 0.2 मिलिमीटरवर तांब्याचे ग्राउंड प्लेन असते. शेजारचा ट्रॅक बहुधा तेवढाच दूर, आणि अरुंद. मग परतीचा प्रवाह मुख्यतः कुठून जाईल? खालच्या रुंद तांब्यातून. पुरावा प्रयोगशाळेत आहे. तिथे डिफरन्शियल सिग्नल 50 ओहमच्या दोन स्वतंत्र कोॲक्स केबलींतून मोजतात. एकीचे क्षेत्र दुसरीपर्यंत पोचतच नाही. तरी लांबी सारखी ठेवली की 100 ओहमची चोख जोडी तयार होते.

आता टाइप-सी कनेक्टर पाहा. 16 पिनांच्या प्रकारात यूएसबी 2.0 चे चार पॅड अर्ध्या मिलिमीटरवर ऋण, धन, ऋण, धन असे येतात. धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडताना एका ट्रॅकला दुसऱ्याला ओलांडावेच लागते, बहुधा व्हायातून, म्हणजे थर जोडणाऱ्या छिद्रातून, दुसऱ्या थरात उतरून. जोडी इथे फुटणारच. मग ही उपकरणे चालतात कशी? हिशेब करा. बोर्डावर सिग्नल एका नॅनोसेकंदात सुमारे 15 सेंटीमीटर जातो. या ओलांडणीत लांबीत 3 मिलिमीटरचा फरक पडला, तर तेवढ्याला 20 पिकोसेकंद लागतात. यूएसबी 2.0 च्या सेकंदाला 480 मेगाबिट वेगाला एक बिट 2083 पिकोसेकंदांचा. फरक एक टक्काही नाही. 5 गिगाबिटला मात्र तोच दहा टक्के होतो. तिथे काटेकोरपणा हवाच.

समान लांबीचा आग्रह रास्तच आहे. पण लांबी जुळवणारी नागमोडी वळणे बोर्डाच्या मध्यावर कशासाठी? फरक कनेक्टरपाशी पडला, तर तिथेच भरून काढा. नाहीतर मधल्या साऱ्या वाटेवर दोन सिग्नल मागेपुढे धावतात.

खरा दोष प्लेनमध्ये असतो. कनेक्टरच्या पिनांभोवतीची मोकळी वर्तुळे एकमेकांत मिसळून तांब्यात लांब चीर पडते. थर बदलताना शेजारी ग्राउंड व्हाया दिलेला नसतो. परतीच्या प्रवाहाला वळसा पडतो आणि त्या वळशाचा अँटेना होतो. यंत्रमागांच्या मोटारींशेजारी बसणाऱ्या नक्षी विणवणाऱ्या जॅकार्ड नियंत्रकाला हा अँटेना परवडेल?

दोन थरांच्या 1.6 मिलिमीटर बोर्डावर ग्राउंड दूर असते. तिथे ट्रॅक जवळ ठेवण्यात अर्थ आहे, हे मान्य. पण अपवादाचा नियम करू नये.

वाचकहो, निवाडा तुम्हीच करा. पुढचा बोर्ड बनवायला देण्याआधी पडद्यावर फक्त ग्राउंडचा थर उघडा. कनेक्टरखाली चीर दिसली, तर आधी ती बुजवा.